मशीन का थांबवलं

लॉन्ड्रीत सगळे तिला तोफ म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत. अंगापिंडाने ती बेताचीच, उंचीने तर ठेंगणीच. पण तिने रोलरपाशी उभं राहून हाक मारली की धुलाईच्या यंत्रांपलीकडे, पार बॉयलरच्या दाराशी डुलक्या घेणारा माणूससुद्धा ताडकन उठून बसायचा. एकोणीस वर्षं ती त्या रोलरवर होती. रोलर म्हणजे इस्त्रीचं अवाढव्य यंत्र. ओल्या चादरीची दोन टोकं दोन बायकांनी धरायची, ताणायची आणि तापलेल्या नळकांड्यांच्या फटीत सोडून द्यायची. पलीकडे चादर कडक, कोरडी होऊन निघते. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांच्या चादरी, आणि त्यांना कधी अंत नाही.

चादरीचं दुसरं टोक धरायची डावरी. डावखुरी, म्हणून डावरी. बोलणं कमी, काम चोख. अकरा वर्षं दोघी समोरासमोर उभ्या होत्या, त्यामुळे एकीने हात उचलला की दुसरीचा आपोआप उचलला जायचा. फोरमन म्हणायचा, या दोघींचं लग्न लावून द्यायला हवं होतं. तोफ म्हणायची, लावलंच असतं, पण हुंड्यात तुम्ही आला असता.

अशी ही बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. मुकादम असो, फोरमन असो, ट्रकवाला असो, कुणाचीही हजामत भर चौकात करायला तयार. पण एक कागद समोर आला की हिची सगळी दारूगोळ्याची कोठी ओली व्हायची. त्या कागदाला स्लिप म्हणत.

नियम असा होता. जो कुणी मशीन थांबवेल त्याने स्लिप भरायची. किती वाजता थांबवलं, किती मिनिटं बंद राहिलं आणि का थांबवलं. स्लिप भरायची इंग्रजीत, कारण मालकांचं मोठं ऑफिस दुसऱ्याच शहरात होतं आणि तिथे आपली भाषा कुणाला वाचता येत नव्हती. पांढरी प्रत कुलपाच्या पेटीत जायची आणि पेटी थेट मोठ्या ऑफिसात उघडायची. गुलाबी प्रत कामगाराला मिळायची. रोलरवरच्या एकीलाही इंग्रजी लिहिता येत नव्हतं, म्हणून स्लिप टाइमकीपर भरायचा. बायकांनी फक्त सही करायची. आणि ज्याच्या नावावर वर्षात तीन वेळा निष्काळजीपणा लागला, त्याला घरचा रस्ता.

टाइमकीपर माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण जगातलं बरंचसं वाईट काम वाईट नसलेली माणसंच उरकत असतात. त्याला कारणाच्या रकान्यात बसतील अशी तीन इंग्रजी वाक्यं येत होती. लाइट गेली. वाफ नाही. ऑपरेटर निष्काळजी. दिवे चालू असले आणि वाफ असली की उरायचं ते तिसरं. त्यावर कुणी उलटा प्रश्न विचारत नसे, मेकॅनिकला बोलवावं लागत नसे, फोरमनचं तोंड वाकडं होत नसे. रकाना भरायचा, सही घ्यायची, डबा उघडायचा आणि जेवायचं.

तोफेच्या दोन गुलाबी स्लिपा घरी टेबलाच्या लंगड्या पायाखाली घडी करून ठेवलेल्या होत्या. एके रविवारी सासूबाईंनी झाडताना त्या ओढून काढल्या. सासूबाईंना छापलेलं काहीही वाचायची खोड होती. औषधाची खोकी, साबणाचं वेष्टण, बसच्या तिकिटामागच्या सूचना, सगळं वाचायच्या. एकतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या बाई त्या. कानाला यंत्र लावून दिवसभर इंग्रजीत बोलायच्या. निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली, तरी घरातला फोन वाजला की आवाज बदलायचा.

“सूनबाई,” त्यांनी चष्मा वर केला, “तू निष्काळजी आहेस का गं?”

“हे तुम्ही मला बावीस वर्षं सांगताय. आज विचारताय कशाला?”

“मी बोलते ते वेगळं. इथे तू लिहून दिलंयस. दोनदा. खाली तुझी सही आहे.”

तोफेने हातातली कणीक तशीच ठेवली आणि येऊन शेजारी बसली. सासूबाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं. पहिली स्लिप फेब्रुवारीची. त्या दिवशी दवाखान्याच्या चादरीत इंजेक्शनची सुई निघाली होती. तोफेने ती फटीत जायच्या आत पाहिली, बटण दाबलं, सुई उपसून काढली. अकरा मिनिटं. ऑपरेटर निष्काळजी. दुसरी मे महिन्याची. उकाड्याने डावरीला भोवळ आली होती आणि ती रोलरवरच कलंडत होती. नऊ मिनिटं. ऑपरेटर निष्काळजी.

तोफेला रडू येत नसे. तिचे कान लाल व्हायचे. ते झाले.

“उद्या जाते आणि त्या टाइमकीपरचं टेबलच उलथं करते.”

“कर. मग तो तिसरी स्लिप लिहील, टेबल पाडलं, ऑपरेटर निष्काळजी. आणि तू त्यावर सही करशील, कारण तुला वाचता येत नाही.” सासूबाईंनी स्लिपा सरळ करून पदरावर दाबल्या. “मी बोर्डावर होते ना, तेव्हा माणसं खेकसायची. डॉक्टर का येत नाहीत? मी आवाज चढवला नाही, रडगाणं गायलं नाही. डॉक्टर येऊ शकत नाहीत, कारण ते ऑपरेशन करतायत. काय ते सांगायचं, का ते सांगायचं, मधे एक बिकॉज. एवढंच तर आहे. शिकतेस का?”

“या वयात?”

“जीभ याच वयात चालते ना तुझी? तीच वापरायची आहे.”

आता सासू शिकवणार आणि सून शिकणार, म्हणजे घरात काय रामराज्य आलं असेल याची कल्पना करा. सासूबाईंची शिकवायची रीत बोर्डावरची. वही नाही, फळा नाही; अक्षरं वाचायची औषधाच्या खोक्यांवरून आणि गिरवायची त्यांच्याच कोऱ्या बाजूवर. जे करशील ते कारणासकट इंग्रजीत बोलायचं, नाहीतर करायचं नाही.

“आय ऍम ओपनिंग द विंडो बिकॉज इट इज हॉट,” असं म्हणून तोफ खिडकी उघडायची.

“आय ऍम क्लोजिंग द विंडो बिकॉज आय ऍम ओल्ड,” असं म्हणून सासूबाई ती लावायच्या.

एका संध्याकाळी ती खिडकी सात वेळा उघडली आणि सात वेळा लागली. तोफेचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, स्वभावाने गरीब. त्याने ताट उचललं आणि म्हणाला, “आय ऍम ईटिंग इन द गॅलरी बिकॉज यू टू आर हिअर.” त्या घरात शिकणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्याचंच इंग्रजी आधी सुधारलं, असं सासूबाई पुढे सगळ्यांना सांगायच्या.

पण हळूहळू वाक्यं लांबायला लागली, आणि मग ती घराच्या अशा कोपऱ्यांत शिरायला लागली जिथे कुणी केरसुणीही फिरवली नव्हती. एकदा भांडी घासता घासता तोफेने पाठ न वळवताच विचारलं, “व्हाय डिड यू सेंड मी टु द लॉन्ड्री?” हा प्रश्न एकोणीस वर्षं तिच्या पोटात होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, घरात नड नव्हती, तरी सासूबाईंनी खटपट करून तिला रोलरवर चिकटवलं होतं. शेजारणी म्हणायच्या, सुनेला राबायला धाडलं. तोफही मनात तेच म्हणायची.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. मग शब्द जुळवत, एकेक उचलून ठेवत म्हणाल्या की मी तुला पाठवलं, कारण मी तेव्हाच निवृत्त होऊन घरी आले होते. आणि घरी येऊन बघते तर स्वयंपाकघर तुझं झालं होतं. बोर्ड गेला होता, हेही गेलं होतं. मला कुठेतरी बसायला जागा हवी होती. हे सगळं इंग्रजीत.

आपल्या भाषेत हे वाक्य त्या बाईच्या तोंडून जन्मात निघालं नसतं. आपल्या भाषेत त्याला मान-अपमान, माहेर-सासर, शेजारीपाजारी सगळं चिकटून येतं. परक्या भाषेत ते सुटं निघालं. तोफेला राग यायला हवा होता. तिने हात पुसले, चहा टाकला आणि साखर सासूबाईंना लागते तेवढी घातली. कारण सांगितलं नाही.

त्यानंतर दोघींचं भांडण थांबलं असं नाही, फक्त त्यात तथ्य आलं. सासूबाई आता रोलरबद्दल खोदून खोदून विचारायच्या. बटण कुठे, नळकांडी किती, बोटं आत जात नाहीत का?

“फटीच्या पुढे एक आडवी दांडी असते, गार्ड म्हणतात,” तोफेने सांगितलं. “हात पुढे गेला की दांडी ढकलली जाते आणि मशीन आपोआप बंद होतं.”

“मग चांगलं आहे की.”

“चांगलं होतं. जाड शिवणीची चादर आली तरी दांडी ढकलली जायची आणि मशीन बंद पडायचं. दिवसातून वीसदा. फोरमन म्हणाला, बांधून टाका वर. मग फाटक्या चादरीची चिंधी घेऊन बांधली.”

“कुणी बांधली?”

“मी. गाठ मला चांगली येते. दोन वर्षं झाली.”

दोन वर्षांत त्या चिंधीकडे कुणाचं लक्षही जात नव्हतं. नव्या आलेल्या बायकांना ती मशीनचाच भाग वाटायची. मळली की तोफ स्वतः बदलायची, धुतलेल्या कापडाची नवी लावायची. लॉन्ड्रीच ती, चिंधीसुद्धा स्वच्छ हवी. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “हे इंग्रजीत कसं सांगशील, बघ.” त्या दिवशी तोफेने ते वाक्य केलं नाही.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला पाऊण तास असताना, डावरीच्या डाव्या हाताच्या मोज्याचं टोक चादरीबरोबर फटीत गेलं. गरम कापडासाठी सुती मोजे घालतात, तिच्या त्या मोज्याची शिवण उसवलेली होती. डावरी ओरडली नाही. तिने नुसतं तोफेकडे पाहिलं. अकरा वर्षांत काम चालू असताना त्या एकमेकींकडे बघत नसत, म्हणून ते बघणं तोफेला एखाद्या किंकाळीसारखं ऐकू आलं. तिने लाल बटणावर मूठ आपटली, रोलर उलटा फिरवायचा दांडा खेचला आणि डावरीचं मनगट धरून तिला मागे ओढलं. मोजा आत राहिला. हात बाहेर आला. तीन बोटांची टोकं भाजून पांढरी पडली होती, पण बोटं होती.

आत अडकलेली चादर जळाली, नळकांड्याला चिकटली. ती खरवडून काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. हॉटेलचा ट्रक दारात हॉर्न वाजवत उभा. आणि टाइमकीपर पॅड घेऊन आला.

“तुमचा कामगार नंबर सांगा ताई.”

“लिहू नका.”

“अहो, नियम आहे.”

“नियम आहे तर मीच लिहिते. थांबवलं मी, बटणावर हात माझा, कारण माझं. पेन द्या.”

टाइमकीपरने फोरमनकडे पाहिलं. फोरमन घाईने पुढे आला, तिला बाजूला घेतलं आणि आवाज खाली केला. “हे बघ, तुझी तिसरी आहे. डोकं चालव. डावरीची या वर्षी एकही नाही. तिच्या नावावर टाकू. तिचं काही जात नाही, तुझी नोकरी राहते.”

डावरीने ते ऐकलं. बादलीतल्या गार पाण्यात हात बुडवून ती स्टुलावर बसली होती. “टाक गं माझ्या नावावर,” ती म्हणाली. “मला काय होतंय.”

तोफेने तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुझा हात भाजला आणि निष्काळजी पण तूच? आणि पुढच्या खेपेला कुणाची बोटं जातील, तिचंही नाव आताच लिहून ठेवू का, फोरमनसाहेब?”

तोफेने टाइमकीपरच्या हातातून पेन घेतलं, रोलरशेजारच्या घडीच्या टेबलावर पॅड टेकवलं आणि लिहायला लागली. अक्षर पोरांसारखं, मोठं, वेडंवाकडं. सगळा विभाग गोळा झाला होता. पहिलं वाक्य तिने मोठ्याने म्हणतच लिहिलं, “आय स्टॉप्ड द मशीन बिकॉज हर हँड वॉज गोइंग इन.” पुढचं तिने इंग्रजीत लिहिलं ते आपल्या भाषेत असं होतं: तिचा हात आत गेला, कारण गार्ड वर बांधला होता.

इथे पेन थांबलं. इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. तेवढं कारण खरं होतं, पुरेसं होतं. कुणी बांधला होता, ते लिहिलंच पाहिजे असं कुठे होतं? तोफेचे कान लाल झाले. सासूबाई म्हणायच्या, अर्धं कारण म्हणजे चुकीच्या खोलीत जोडलेला फोन. माणूस बोलत राहतो आणि पलीकडे भलताच कुणीतरी ऐकत असतो.

तिने लिहिलं: गार्ड मी बांधला. मी बांधला, कारण फोरमनने सांगितलं. त्याने सांगितलं, कारण दिवसाला आठशेच्या जागी हजार चादरी हव्या होत्या. मी आज तो सोडते आहे, कारण मला आज समजलं.

“रकाना संपला ताई,” टाइमकीपर हळूच म्हणाला.

“कागद संपलाय का?” असं म्हणत तिने कडेच्या मोकळ्या जागेत उभं लिहिलं. सही केली. गुलाबी प्रत फाडून कमरेला खोचली, पांढरी घेऊन पेटीकडे चालू लागली. फोरमन म्हणाला, थांब, मॅनेजरना दाखवू आधी. पेटीला टेकून टाइमकीपरची खुर्ची होती. त्या माणसाने उठून, कुणाकडेही न बघता, ती खुर्ची सरकवून दिली. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्याने केलेलं हे पहिलं बंड, आणि माझ्या मते ते लहान नव्हतं. स्लिप पेटीत पडली.

शुक्रवारी सकाळी, शिफ्ट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, तोफेला वर बोलावणं आलं. मॅनेजरची खोली थंडगार होती आणि तिथे धुतल्या कपड्यांचा वासही येत नव्हता. “बसा,” मॅनेजर म्हणाले. एकोणीस वर्षांत तिला या खोलीत कुणी बसा म्हटलं नव्हतं. तेव्हा तिला खरी भीती वाटली. या वयात दुसरी नोकरी कोण देणार, आणि रोलर सोडून तिला येत तरी काय होतं? ती उभीच राहिली.

“मोठ्या ऑफिसातून फोन आला होता,” मॅनेजर म्हणाले. “तुमची स्लिप त्यांना काही कळली नाही. गैरसमज झालाय. मी एक कागद तयार करून ठेवलाय. सही करा, तिसरी स्लिप मी धरत नाही. विषय संपला.”

कागद टाइप केलेला होता, इंग्रजीत. त्यांनी पेन उघडून पुढे केलं, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. आजवर असंच चालत आलं होतं. तोफेने कागद उचलला आणि वाचायला लागली. ओठ हलवत, ओळीखाली बोट सरकवत. मॅनेजरना वाट पाहावी लागली. त्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. ती वाचत होती.

कागदात लिहिलं होतं की माझी आधीची स्लिप चुकीची आहे, कारण मला इंग्रजी नीट येत नाही. गार्ड जागेवर होता. हात माझ्या सहकारी बाईच्या चुकीमुळे गेला.

“सर, मला इंग्रजी नीट येत नाही, एवढं यातलं खरं आहे,” तोफ म्हणाली. “बाकीचं खोटं आहे. मी सही करणार नाही.”

“बाई, विचार करा.”

“केला. तीन महिने स्वयंपाकघरात तेच करत होते.”

मॅनेजरांचा आवाज कोरडा झाला. “तुम्ही स्वतःच लिहून दिलंय की गार्ड तुम्ही बांधला. तेवढ्यावर मी तुम्हाला आज काढू शकतो. आत्ता.”

“काढा. बांधला मीच. माझी चूक मी लिहिली, हे माझ्या हातचं आहे.” ती टेबलाच्या जवळ गेली. कोऱ्या स्लिपांचं एक पॅड तिथेच पडलं होतं. तिने ते त्यांच्यापुढे सरकवलं. “पण नियम आहे ना सर, जो थांबवेल त्याने स्लिप भरायची? आज तुम्ही मला थांबवताय. तुम्ही भरा. काढायच्या पत्राबरोबर ही पण पेटीत जाऊ दे.”

मॅनेजर हसले, पण पेन उचललं. चिडलेला माणूस लिहितोच. तारीख लिहिली. वेळ लिहिली. तिचा नंबर लिहिला. मग कारणाचा रकाना आला.

“लिहा,” तोफ म्हणाली. “ऑपरेटरने गार्ड बांधला. मग ते विचारतील, तिने का बांधला? फोरमनने सांगितलं. त्याने का सांगितलं? हजार चादरी हव्या होत्या. सर, मी हे त्यांना आधीच लिहून पाठवलंय, म्हणून तुम्हाला वेगळं लिहिता येणार नाही. पुढचं एकच राहिलंय. हजार कुणाला हव्या होत्या, ते मला माहीत नव्हतं. ते तुम्ही लिहा.”

पेन रकान्यावर टेकलेलं होतं. शाईचा एक ठिपका पसरत गेला. मॅनेजरनी इतकी वर्षं इतक्या माणसांची कारणं वाचली होती, बदलली होती, टाइप करवून घेतली होती, पण स्वतःचं लिहायची वेळ कधी आली नव्हती. इंग्रजी त्यांना तिच्यापेक्षा शंभर पटीने चांगलं येत होतं, आणि त्यातलं एकही वाक्य तिथे लिहिण्याजोगं नव्हतं.

खाली शिफ्टची घंटा झाली. तोफेने पदर खोचला.

“आय ऍम गोइंग डाउन नाऊ,” ती म्हणाली, “बिकॉज माय शिफ्ट इज स्टार्टिंग.” घराबाहेर मोठ्याने बोललेलं हे तिचं दुसरं इंग्रजी वाक्य. दार तिने आपटलं नाही. जिन्यावर मात्र तिला कठड्याला धरून उतरावं लागलं, आणि मधल्या पायरीवर ती क्षणभर बसलीसुद्धा. हे तिने नंतर फक्त सासूबाईंना सांगितलं.

खाली रोलर रिकामाच फिरत तापत होता. डावरी बोटांना पट्ट्या बांधून आली होती आणि डाव्या हाताची चादर उजव्याने धरायचा सराव करत होती. तोफेने मंगळवारी सोडलेला गार्ड कुणीतरी पुन्हा वर बांधला होता, नव्या पांढऱ्या चिंधीने, आणि गाठ कच्ची होती. शेजारी फोरमन कमरेवर हात ठेवून उभा होता. हॉटेलचा ट्रक आजही लवकर येणार होता.

तोफेने टेबलावरची कात्री उचलली, चिंधी कापली, दांडी खाली ओढून जागेवर बसवली. एकदा हाताने ढकलून पाहिली. मशीन बंद पडलं. दांडी बरोबर चालत होती.

“का?” फोरमनने विचारलं. त्यालाही वरचा निकाल माहीत नव्हता, आणि तिलाही. इतक्या वर्षांत त्याने तिला का हा शब्द पहिल्यांदाच विचारला होता. इंग्रजीत सांगायची गरज नव्हती.

“आमचे हात आहेत म्हणून,” ती म्हणाली, आणि डावरीने चादरीचं टोक धरल्याची खात्री करून तिने मशीन सुरू केलं.